समुद्राच्या देवाकडे भूकंपाचं खातं कसं आलं?

पोसायडन हा ग्रीकांचा समुद्राचा देव, हे बऱ्याच जणांना माहीत असतं. हातात त्रिशूळ असतो म्हणून आपल्याला पटकन शंकर आठवतो, पण हा भोळा बिळा अजिबात नाही, महा खुनशी. गंमत म्हणजे प्राचीन ग्रीक कवी होमर त्याला सारखा 'पृथ्वी हलवणारा' म्हणतो, म्हणजे भूकंपही याच्याचकडे. आता पाणी सांभाळणाऱ्याला जमिनीचं खातं कशाला? भूकंप खरं तर पाताळातल्या हेडीसला शोभला असता. मला विचाराल तर ग्रीकांनी हे खातेवाटप किनाऱ्यावर राहून, स्वतःच्या डोळ्यांनी बघून केलंय.

कारण नकाशा बघा. आफ्रिकेची प्लेट (पृथ्वीच्या कवचाचा प्रचंड तुकडा) क्रीट बेटाच्या बाजूने एजियन समुद्राखाली सरकतेय, आणि कोरिंथच्या आखातात जमीन ताणली जाऊन आखात वर्षाला साधारण एक ते दीड सेंटिमीटर रुंदावतंय, त्यामुळे युरोपात सगळ्यात जास्त भूकंप ग्रीसमध्येच होतात. फॉल्ट, म्हणजे खडकातली मोठी भेग, समुद्राखाली सरकला की तळ वरखाली होतो, वरचं अख्खं पाणी ढकललं जातं, झाली त्सुनामी. लाटेचा खोलगट भाग आधी किनाऱ्याला लागला तर पाणी येण्याआधी चक्क मागे जातं. 2004 च्या त्सुनामीत कितीतरी जण तो उघडा पडलेला तळ बघायला पुढे गेले होते.

इ.स.पू. 479 मध्ये पर्शियन सैन्य नेमकं यातच सापडलं. उत्तर ग्रीसमधल्या पोटिडिया नावाच्या शहराला त्यांचा वेढा होता, अचानक समुद्र आटल्यासारखा मागे गेला, हे खूश, म्हणाले चला चालतच पलीकडे जाऊ, आणि अर्ध्या वाटेच्या जरा अलीकडे असतानाच पाणी परत आलं. पोहता न येणारे बुडाले, येणाऱ्यांना शहरवाल्यांनी होड्यांतून येऊन मारलं. पर्शियनांनी पोसायडनचं देऊळ विटाळलं होतं म्हणून असं झालं, असं शहरवाले म्हणाले आणि ग्रीक इतिहासकार हेरोडोटस लिहितो की मलाही ते पटतं. हाच माणूस थेसलीतल्या टेम्पेच्या दरीबद्दल मात्र म्हणतो की ही भूकंपाने फाटलेली दिसते, ज्यांना भूकंप पोसायडन करतो असं वाटतं ते दरी त्यानेच केली म्हणतील. दोन्ही डगरींवर पाय!

पुढे इ.स.पू. 426 मध्ये युबिया बेटावर अशीच लाट आली, समुद्र आधी मागे आणि मग गावात. थुसिडिडीस या दुसऱ्या ग्रीक इतिहासकाराने त्यावर लिहिलं की भूकंपाचा जोर जिथे सर्वात जास्त तिथे समुद्र मागे ओढला जातो आणि दुप्पट जोराने उलटतो, भूकंपाशिवाय हे होणं शक्य दिसत नाही. देवाचं नावसुद्धा नाही. दोन घटनांमध्ये जेमतेम पन्नासेक वर्षं, पण सांगण्यात एवढा फरक!

अर्थात सगळे थुसिडिडीस नव्हते. इ.स.पू. 373 च्या हिवाळ्यात एका रात्रीत कोरिंथच्या आखाताकाठचं हेलिके नावाचं शहर भूकंप आणि लाटेत गडप झालं, तेसुद्धा समुद्रापासून दोनेक किलोमीटर आत असून. आणि हेलिके म्हणजे पोसायडनचं मोठं क्षेत्र बरं का, त्यामुळे देवानेच भक्तांना का बुडवलं याचं उत्तर शोधावं लागलं, तर म्हणे आयोनियन लोक (आजच्या तुर्कस्तानच्या किनाऱ्यावर राहणारे ग्रीक) पूजेसाठी काही मागायला आले होते त्यांना यांनी हाकलून दिलं. पाच दिवस आधी उंदीर, साप गाव सोडून गेले अशीही गोष्ट आहे, ती बऱ्याच नंतर लिहिलेली असल्यामुळे मी फार मनावर घेत नाही. त्यापेक्षा तिथल्या नावाड्यांचं बोलणं भारी आहे, ते एराटोस्थेनीस या ग्रीक भूगोलतज्ज्ञाला सांगत होते की ब्राँझचा पोसायडन अजून पाण्याखाली उभाच आहे आणि मासेमारीची जाळी त्याला अडकतात.

अलीकडे याच वर्णनांवरून कितीतरी जणांनी हेलिके समुद्राच्या तळाशी शोधून पाहिलं, पण सापडलं नाही. 2001 मध्ये डोरा कात्सोनोपुलू आणि स्टीव्हन सोटर या संशोधकांच्या टीमला त्याचे अवशेष मिळाले ते चक्क जमिनीवर, आजच्या किनाऱ्याच्या आत, पूर्वी जिथे खाडीसारखं साचलेलं पाणी होतं तिथल्या गाळाखाली. मधल्या काळात नद्यांनी गाळ आणून आणून ते पाणीच बुजवून टाकलं होतं.