झेड 650 की झेड 650 आरएस?

कावासाकीच्या या दोन मोटरसायकलींबद्दल हमखास विचारलं जातं, "आरएस म्हणजे वरचं मॉडेल का? जास्त पळते का?" आरएस ऐकलं की रेसिंग आठवतं, त्यामुळे गैरसमज होणं साहजिक आहे. पण इथे त्याचा अर्थ 'रेट्रो स्पोर्ट'. पळण्यात दोघी सारख्याच.

दोन्हींत तेच 649 सीसीचं पॅरलल ट्विन, म्हणजे शेजारीशेजारी दोन सिलिंडरचं इंजिन, ताकद 68 पीएसच्या आसपास, सहा गिअर. सांगाडाही त्याच नळ्यांच्या जाळीचा, फक्त शेपटाकडचा भाग आरएससाठी वेगळा केलाय. वजन 190 किलोच्या आसपास. म्हणजे निवड करायची ती बसण्याची आणि दिसण्याची, आणि माझ्या मते ती गोष्ट अजिबात किरकोळ नाही.

साधी झेड 650 बाजूने बघा. हेडलाइट खाली झुकलेला, शेपूट वर उचललेलं, सगळा भार पुढच्या चाकावर आलेला; दबा धरून बसलेलं जनावर झेप घेण्याआधी असंच दिसतं. कावासाकी या शैलीला 'सुगोमी' म्हणते. सीट 790 मिलिमीटर, त्यामुळे बेताच्या उंचीच्या माणसाचेही पाय जमिनीला टेकतात. पण मागची सीट म्हणजे उंचावरची छोटीशी गादी. मागे आई किंवा बायको रोज बसणार असेल, तर आधी त्यांना बसवून बघा, मग बुकिंग करा.

2021 साली आलेल्या आरएसमध्ये हीच रेष आडवी केली आहे. टाकीपासून शेपटापर्यंत नजर सरळ वाहत जाते. पुढे गोल हेडलाइट, त्यामागे काट्यांची दोन गोल मीटरं आणि मधे छोटा डिजिटल पडदा. साध्या झेडवर मात्र रंगीत टीएफटी स्क्रीन आहे आणि ती फोनशी जोडता येते. आरएसची चाकं लांबून तारांची वाटतात; जवळ गेलं की कळतं, ती बारीक आऱ्यांची ओतीव अलॉय आहेत.

खरा फरक हातांना जाणवतो. आरएसचं हँडल सुमारे 50 मिलिमीटर उंच आणि 30 मिलिमीटर जवळ आहे. आकडे छोटे वाटतात, पण पाठ ताठ राहते आणि मनगटांवरचा भार उतरतो. सीट सपाट, थोडी उंच. मागच्या माणसाला तीच जास्त सोयीची.

या देखणेपणाची किंमत टाकीत मोजावी लागते. आरएसची टाकी सडपातळ आणि सुंदर आहे, पण मावतं 12 लिटर. झेड 650 मध्ये 15. लिटरला 22 किलोमीटर धरले तर एकीचा पल्ला 264, दुसरीचा 330. पुण्याहून निघून कोल्हापूर गाठेपर्यंत आरएसवाल्याची नजर पंप शोधायला लागलेली असते. लांबच्या प्रवासाची आवड असेल, तर मी साधी झेडच सुचवेन. शहर आणि रविवारचा घाट एवढंच असेल तर मन आरएसकडे ओढ घेतं, आणि घेऊ द्यावं.

एक मात्र लक्षात ठेवा. आरएसचं रूप सत्तरच्या दशकातल्या मूळ झेड 650 वरून घेतलंय, पण त्या गाडीचं इंजिन 652 सीसीचं, चार सिलिंडरचं होतं. आजच्या आरएसला दोनच सिलिंडर आहेत, आणि एक पिस्टन वर जाताना दुसरा खाली येतो. तिचा आवाज वेगळाच, भरड. चार सिलिंडरचा गुळगुळीत सूर हवा असेल, तर थोरली बहीण झेड 900 आरएस बघावी लागेल.