नाकाबाहेर न टिकणारी प्रथिने

वास ओळखणाऱ्या ग्राही प्रथिनांची जनुके लिंडा बक आणि रिचर्ड ॲक्सेल यांनी १९९१ साली शोधली आणि २००४ साली त्यांना नोबेल मिळाले. जनुक हाती आले की ते दुसऱ्या पेशीत घालून प्रथिन बनवून घ्यायचे, ही जैवतंत्रज्ञानाची रुळलेली वाट. मधुमेहींचे इन्सुलिन याच वाटेने येते. मग माणसाच्या गंधग्राहीची रचना डोळ्यांना दिसायला २०२३ साल का उजाडावे लागले?

पहिली अडचण नाकातच आहे. माणसाकडे असे सुमारे ४०० कार्यक्षम ग्राही आहेत आणि नाकातली प्रत्येक गंधपेशी त्यांपैकी साधारणपणे एकच बनवते. त्यामुळे कुठल्याही एका ग्राहीचा वाटा नगण्य. याच कुळातले, प्रकाश टिपणारे ऱ्होडॉप्सिन हे प्रथिन गाईच्या डोळ्यांच्या पडद्यात भरपूर असते, म्हणून त्याची रचना २००० सालीच मिळाली. गंधग्राहीसाठी प्रयोगशाळेत वाढवलेल्या पेशींकडेच जावे लागते.

तिथे दुसरी अडचण. हे प्रथिन पेशीच्या पटलातून सात वेळा आरपार जाते आणि पटलावर नीट बसले तरच काम करते. पण १९७३ मध्ये नेदरलँड्समध्ये तयार झालेल्या, जगभर वापरल्या जाणाऱ्या एचईके-२९३ या मूत्रपिंडाच्या पेशींत गंधग्राहीचे जनुक घातले, की बहुतेक ग्राही पेशीच्या आतच अडकतात आणि पेशी त्यांची विल्हेवाट लावते. १९९० च्या दशकाच्या अखेरीस संशोधकांनी ग्राहीच्या टोकाला ऱ्होडॉप्सिनचा छोटा तुकडा जोडला, त्याने थोडे जमले. खरी वाट २००४ मध्ये ड्यूक विद्यापीठातील हिरोआकी मात्सुनामी यांच्या गटाने मोकळी केली. गंधपेशींत ग्राहीला पटलापर्यंत पोचवणारी साहाय्यक प्रथिने असतात, हे त्यांनी दाखवले. त्यांतले आरटीपी-१ पेशीत सोबत घातले की अनेक ग्राही बाहेर येऊन बसू लागतात. गंधविज्ञानातला हा शोध मला नोबेलच्या शोधाइतकाच मोलाचा वाटतो, कारण त्यानंतर कुठला ग्राही कोणत्या वासाला प्रतिसाद देतो, हा प्रश्न विचारता येऊ लागला.

तो विचारण्याची रीतही सुंदर आहे. ग्राही उत्तेजित झाला की पेशीत सीएएमपी नावाचा संदेशरेणू वाढतो. तो वाढला की काजव्याचे प्रकाश देणारे विकर कामाला लागेल, अशी सोय पेशीत करून ठेवतात. गंधद्रव्य टाकायचे आणि पेशी किती उजळतात ते मोजायचे. रानडुकराच्या लाळेतले अँड्रोस्टेनोन कुणाला मुतासारखे घाणेरडे वाटते, कुणाला गोडसर, कुणाला त्याचा वासच येत नाही. २००७ मध्ये अशाच पेशींनी त्यामागचा ओआर७डी४ हा ग्राही दाखवून दिला. त्यातली दोन अमिनो आम्ले, म्हणजे प्रथिनाच्या साखळीतले दुवे, बदललेली असली तर अँड्रोस्टेनोनला मिळणारा प्रतिसाद फार मंदावतो, आणि तसे जनुक असलेल्या लोकांना तो वास कमी जाणवतो.

पेशीवर बसलेला ग्राही आणि नळीत शुद्ध केलेले प्रथिन यांत मात्र फरक करायला हवा. जिवाणूंत बनवलेले प्रथिन किंवा त्याचा तुकडा प्रतिपिंडे तयार करायला चालतो, पण योग्य घडी आणि पटलासारखे वातावरण नसेल तर त्याला वास कळणार नाही. असे प्रथिन विकत घेताना हे विचारायलाच हवे.

२०२३ मध्ये सॅन फ्रान्सिस्कोतील कॅलिफोर्निया विद्यापीठात आशीष मंगलिक यांचा गट आणि मात्सुनामी यांनी मिळून रचना पाहण्यासाठी निवडला ओआर५१ई२ हा गंधग्राही. तो प्रोस्टेट ग्रंथीतही सापडतो आणि एचईके पेशींत इतरांपेक्षा बरा तयार होतो. गोठवलेल्या नमुन्यांवर चालणाऱ्या इलेक्ट्रॉन सूक्ष्मदर्शीखाली दिसले, की चीजच्या वासातला प्रोपिओनेट रेणू सगळ्या बाजूंनी बंद अशा चिमुकल्या पोकळीत बसतो आणि त्याचे आम्लाचे टोक तिथल्या एका आर्जिनिन या अमिनो आम्लाने धरून ठेवलेले असते. पोकळीतली मोठी अमिनो आम्ले काढून छोटी घातली, तर तोच ग्राही अधिक लांब साखळीच्या मेदाम्लांनाही प्रतिसाद देऊ लागतो.

हट्टी ग्राहींसाठी पुढची युक्ती २०२४ मध्ये आली. एका कुटुंबातल्या अनेक ग्राहींचे अनुक्रम शेजारी मांडायचे, प्रत्येक जागी सर्वांत जास्त वेळा येणारे अमिनो आम्ल घ्यायचे आणि त्यातून एक नवे प्रथिन रचायचे. असे प्रथिन निसर्गात कुणाच्याही नाकात नाही, तरी ते पेशीत चांगले तयार होते आणि त्याची रचना मिळवता येते. तिच्या आधारे कुटुंबातल्या खऱ्या ग्राहींची प्रतिकृती संगणकावर बांधता येते. ती बरोबर आहे का हे ठरवायला पुन्हा त्या उजळणाऱ्या पेशींकडेच यावे लागते.