पियादे, मोशा

पियादे, मोशा : (४ जानेवारी १८९०–१५ मार्च १९५७). युगोस्लाव्हियातील कम्युनिस्ट नेते, चित्रकार व पत्रकार. जन्म बेलग्रेड येथे, सेफार्डी ज्यू कुटुंबात. १४९२ मध्ये स्पेनमधून हाकलले गेलेले अनेक ज्यू ऑटोमन साम्राज्याच्या आश्रयाला आले आणि बाल्कन शहरांतून स्थिरावले. सेफार्डी समाज तो हाच. पियादे यांनी म्यूनिक व पॅरिस येथे चित्रकलेचे शिक्षण घेतले. मायदेशी परतल्यावर काही काळ चित्रकला शिकवली, पण त्यांचा ओढा वृत्तपत्राकडे होता. १९२० मध्ये ते कम्युनिस्ट पक्षात आले आणि त्याच वर्षाअखेर सरकारने पक्षाच्या कारवायांवर बंदी घातली. त्यामुळे पक्षाचे काम लपूनछपून चालू झाले. पियादे यांच्याकडे आला तो भूमिगत छापखाना.

१९२५ मध्ये पोलिसांनी हा छापखाना पकडला. पियादे यांना वीस वर्षांची शिक्षा झाली. पुढे ती कमी झाली, तरी १९३९ पर्यंतची चौदा वर्षे श्रेम्स्का मित्रोवित्सा, लेपोग्लावा अशा तुरुंगांत गेली. राजकीय कैद्यांनी आत अभ्यासवर्ग चालवले, हक्कांसाठी उपोषणे केली. पियादे यांनी रोदोल्युब चोलाकोविच या सहकैद्याच्या साथीने मार्क्सच्या ‘भांडवल’ ग्रंथाचे भाषांतर केले. त्याचा पहिला खंड बेलग्रेडमध्ये प्रसिद्ध झाला तेव्हा पियादे गजाआडच होते. कोठडीत चित्रेही काढली, त्यांत स्वतःचे व्यक्तिचित्र आहे. लेपोग्लावात त्यांची गाठ योसिप ब्रोझ या धातुकामगाराशी पडली. हाच पुढे युगोस्लाव्हियाचा सर्वेसर्वा झालेला टिटो. टिटोंपेक्षा पियादे दोन वर्षांनी मोठे आणि वाचन दांडगे, त्यामुळे या मैत्रीत सुरुवातीला शिकवणारे कोण हे सांगायला नको.

एप्रिल १९४१ मध्ये जर्मनीने देश व्यापला. पियादे माँटेनेग्रोत होते. जुलैमधल्या तिथल्या उठावात ते सामील झाले. पन्नाशी ओलांडलेल्या, चष्मा लावणाऱ्या, किरकोळ बांध्याच्या या माणसाला पार्टिझन (टिटोंच्या नेतृत्वाखालील गनिमी सैनिक) ‘चिचा यांको’, म्हणजे यांकोकाका, म्हणत. १९४२ च्या हिवाळ्यात मॉस्कोहून विमानाने शस्त्रे येणार असे कळल्यावर ती उतरवून घेण्याची जबाबदारी त्यांच्यावर आली. दुर्मितोर पर्वतातील झाब्ल्याकजवळच्या बर्फाळ पठारावर महिनाभराहून अधिक काळ ते रात्री जागत होते. एकही विमान आले नाही. याच सुमारास त्यांनी मुक्त केलेल्या गावांचा कारभार कसा चालवावा याचे नियम लिहिले. बॉस्नियातील फोचा या गावावरून हे ‘फोचा नियम’ म्हणून ओळखले जातात. गावसमित्या निवडणुकीने नेमायच्या आणि सैन्याला धान्य पुरवण्यापासून स्थानिक व्यवस्थेपर्यंतचे काम त्यांनी पाहायचे, हा त्यांचा गाभा. पियादे यांचे सर्वांत टिकाऊ काम हेच, असे म्हणायला हरकत नाही. युद्धोत्तर राज्ययंत्रणेचा पाया या समित्यांवर उभा राहिला. नोव्हेंबर १९४३ मध्ये बॉस्नियातील यायत्से येथे नव्या राज्याची वृत्तसंस्था निघाली. तिचे ‘तान्युग’ हे नाव त्यांनीच सुचवले. त्याच महिन्याअखेर तेथेच भरलेल्या, पार्टिझनांची संसद असलेल्या मुक्ती परिषदेच्या अधिवेशनात संघराज्याचा निर्णय झाला, आणि पियादे तिच्या अध्यक्षमंडळाचे एक उपाध्यक्ष झाले.

दरम्यान त्यांचा समाज जवळजवळ संपला होता. युद्धापूर्वी युगोस्लाव्हियात सुमारे ८०,००० ज्यू होते. वाचले ते अंदाजे १५,०००. १९४२ च्या मध्यापर्यंत बेलग्रेडचे बहुतेक ज्यू मारले गेले होते. पियादे स्वतः धर्म पाळत नसत आणि ज्यूंचे पुढारी म्हणून कधी वावरले नाहीत. विरोधकांच्या प्रचाराला मात्र त्यांचे ज्यूपण आयतेच सापडले. १९४८ नंतर वाचलेल्यांपैकी जवळपास निम्मे इस्राएलला गेले. पूर्व युरोपातील अनेक सरकारे तेव्हा अशा स्थलांतराच्या आड येत होती, हे लक्षात घेतले पाहिजे.

युद्धानंतर १९४६ ची राज्यघटना घडवण्यात त्यांचा मोठा वाटा होता. १९४८ मध्ये स्टालिनशी बिनसल्यावर टिटोंच्या बाजूने लेखणी चालवणाऱ्यांत ते पुढे होते. युद्धकाळातील पार्टिझनांचा उठाव सोव्हिएत मदतीमुळे यशस्वी झाला हा दावा त्यांनी १९५० मध्ये खोडून काढला. झाब्ल्याकच्या रात्री त्यांनी स्वतः काढल्या होत्या, त्यामुळे त्या लेखनाला धार आली.

त्यांच्या कारकिर्दीतील सर्वांत अवघड पान जानेवारी १९५४ चे आहे. पक्षाचे वरिष्ठ नेते मिलोव्हान जिलास यांनी ‘बोर्बा’ या पक्षाच्या मुखपत्रात नोकरशाहीवर टीका करणारी लेखमाला लिहिली. मध्यवर्ती समितीच्या बैठकीत जिलास यांच्यावर कडाडून तुटून पडणाऱ्यांत पियादे होते. छापील शब्दासाठी चौदा वर्षे तुरुंग भोगलेल्या माणसाने दुसऱ्याच्या छापील शब्दावर असे उठावे, हे आजही खटकते. जिलास यांना संघीय संसदेचे अध्यक्षपद सोडावे लागले आणि त्याच महिन्यात त्या जागी पियादे आले. मृत्यूपर्यंत ते पद त्यांच्याकडे होते.

पॅरिस येथे त्यांचे निधन झाले. बेलग्रेडच्या कालेमेगदान किल्ल्यातील राष्ट्रवीरांच्या समाधिस्थळी त्यांना पुरण्यात आले. शहराच्या मध्यवस्तीतील एका रस्त्याला अनेक दशके त्यांचे नाव होते. १९९० च्या दशकात ते काढून रस्त्याचे नाव देचान्स्का करण्यात आले.