आधी ओलावा मोजा, मग वजन सांगा

आमच्याकडे दिवाळीनंतर कापूस मोजायचा काटा अंगणात मांडलेलाच असतो, तो इलेक्ट्रॉनिक, खाली लोखंडी प्लेटवाला. संध्याकाळी बायका वावरातून आल्या की एकेक गाठोडं त्याच्यावर, किलो वहीत, अन् बाजाराच्या दिवशी वेचाईचे पैसे. मागच्या साली त्या वहीच्या शेवटच्या पानावर मला वेगळेच आकडे दिसले. ५८.४, ५७.१, ५६, ५४.९. कापूस काही नव्हता हा, माझ्या पुतणीचं वजन होतं.

माघात तिचं लग्न ठरलेलं, अन् मोबाईलवर कोणीतरी 'दहा दिवसात दहा किलो' सांगणारी बाई सापडलेली. सकाळी जिऱ्याचं पाणी, दुपारी काकडी अन् एक सफरचंद, रात्री वाटीभर मुगाचं पाणी, बस. अन् एवढ्यावर रोज वेचणीला जात होती. आठव्या दिवशी तुरीच्या तासातच बसली ती बसलीच, ओठ पांढरे पडलेले, हात थंड. "काकू, काही नाही झालं, उन्हानं गरगरलं थोडंसं." मार्गशीर्षाच्या उन्हानं कोणी गरगरते का!

मी शाळेत विज्ञान शिकवते, म्हणून घरात अशा वेळी सगळे माझ्याकडंच पाहतात. जाऊ म्हणे, "तूच सांग आता हिले, माह्यं तं आयकतच नाही ही पोट्टी." मग मी तिला तिच्याच वहीतला हिशोब करून दाखवला, तोच इथं लिहिते.

राष्ट्रीय पोषण संस्थेच्या हिशोबानं ५५ किलोची बाई बसून काम करत असेल तर तिला दिवसाला साधारण १६६० कॅलरी लागतात, मध्यम कष्टाचं काम असेल तर २१३०, अन् खूप जड काम असेल तर २७२०. वेचणी म्हणजे दिवसभर वाकून चालणं, पाठीला ओझं, २१०० तरी धरा. पुतणीच्या पोटात जात होत्या जेमतेम ५००. म्हणजे रोजचा तुटवडा १६००, सात दिवसांचा ११२००. शरीरातली एक किलो चरबी जळायची तर सुमारे ७७०० कॅलरीची तूट लागते. भागाकार करा, दीड किलोच्या आतच येतं. अन् काटा तर साडेतीन किलो कमी दाखवत होता! मग वरचे दोन किलो गेले कुठं?

इथं जिनिंगवरची गोष्ट आठवा. कापसाची गाडी सरकारी खरेदीला नेली तर आधी ओलावा मोजतात, ८ टक्क्यांपर्यंत पूर्ण भाव, त्याच्यावर कापत जातात, अन् १२ च्या वर गेला की गाडी परत. कारण व्यापाऱ्याला माहीत आहे की वजनात पाणी असते. आपल्याच शरीराच्या बाबतीत मात्र आपण हे विसरतो. आपल्या लिव्हरमध्ये अन् स्नायूंमध्ये मिळून साधारण ४००-५०० ग्रॅम साखर साठवलेली असते, ग्लायकोजेन म्हणतात तिला, अन् तिच्या प्रत्येक ग्रॅमसोबत जवळपास तीन ग्रॅम पाणी बांधलेलं असतं. खाणं तोडलं की आधी हा साठा रिकामा होतो, अन् त्याच्यासोबत ते पाणी लघवीवाटे निघून जाते. झाले की दीड-दोन किलो! पहिल्या आठवड्यात काट्यावर जी जादू दिसते ना, ती बहुतेक ओलावाच असते.

त्याच्यापुढचं जरा वाईट आहे. मेंदूला दिवसाला १०० ग्रॅमच्या वर साखर लागते, अन् चरबीपासून शरीराला साखर जवळपास बनवताच येत नाही. मग ते स्नायू मोडते, त्यातल्या प्रोटीनपासून साखर करते. काही दिवसांनी मेंदू चरबीपासून बनलेल्या कीटोनवर चालायला लागतो तेव्हा ही मोडतोड कमी होते, पण थांबत नाही. अन् हृदय पण स्नायूच आहे बरं का.

ते हृदय किती नाजूक असते ते अमेरिकेत १९७७ च्या आसपास दिसलं होतं. तिथं वजन कमी करायला एक प्रोटीनचं पातळ औषध निघालं होतं, जनावरांची कातडी अन् स्नायूंचे दोर उकळून केलेलं, दिवसाला ३००-४०० कॅलरी, बाकी काही खायचं नाही. त्यावर महिनोन्‌महिने राहिलेले पन्नासच्या वर लोक मेले, बरेच जण तर अचानक, हृदयाचे ठोके बिघडून, अन् त्यात बहुतेक बाया होत्या. रक्तातलं पोटॅशियम अन् मॅग्नेशियम खाली गेलं की हृदयाचा ताल चुकतो, आधी ना दुखते ना खुपते.

अर्धपोटी ठेवलं की माणसाचं काय होते ह्याचा सगळ्यात नीट अभ्यास महायुद्धाच्या काळातला आहे, १९४४-४५, मिनेसोटा विद्यापीठ, अन्सेल कीज नावाचे शास्त्रज्ञ. युद्धात लढायला नकार दिलेल्या ३६ तरण्याताठ्या पोरांना स्टेडियमच्या खालच्या खोल्यांत ठेवलं. सहा महिने दिवसाला दोन जेवणं, बटाटे, सलगम, ब्रेड, मॅकरोनी, सरासरी १५७० कॅलरी, वर आठवड्याला ३५ किलोमीटर चालायचं. १५७० वाचून हसू येते ना? आजकालच्या डाएट चार्टमध्ये ह्याच्यापेक्षा कमी असते, अन् त्याला लोक 'हेल्दी' म्हणतात.

पोरांचं वजन पाव हिश्श्यानं उतरलं. नाडी मिनिटाला ३५ च्या आसपास. उन्हाळ्यातही थंडी वाजायची. डोक्यात दिवसभर फक्त जेवण, ताटं चाटायचे, कधी चूल न पेटवलेली पोरं पाककृतीची पुस्तकं वाचत बसायची, काही च्युइंगम चघळून चघळून दिवस काढायचे. चिडचिड, उदासी, एकानं तर कुऱ्हाडीनं स्वतःची तीन बोटं तोडून घेतली. आपण म्हणतो डाएटवाल्याला मनावर कंट्रोल नाही, पण इथं धडधाकट, स्वतःहून तयार झालेल्या माणसांचं मन असं झालं. भूक काही फक्त पोटात नसते.

अन् विश्रांतीच्या वेळी शरीर जेवढी ऊर्जा जाळते ती जवळपास ४० टक्क्यांनी खाली आली होती. हेच मला पुतणीला पटवून द्यायचं होतं. शरीराला कळत नाही की हे लग्नासाठी चाललंय. त्याच्या लेखी हा दुष्काळच. आपल्या वऱ्हाडानं १८९६-९७ अन् लगेच १८९९-१९०० असे दोन दुष्काळ पाहिले, अन् त्याच्या आधी किती असतील! थायरॉईडचं काम मंद करा, नाडी हळू करा, भूक वाढवा, जे मिळेल ते साठवा, ही शरीराची जुनी सवय अशाच दिवसांत कामी येते. म्हणून डाएट सुटलं की वजन परत येते, अन् येताना आधी चरबी येते, स्नायू मागाहून. अमेरिकेतल्या वजन घटवायच्या एका टीव्ही स्पर्धेतल्या १४ जणांना सहा वर्षांनी तपासलं, २०१६ ला तो अभ्यास छापून आला, तर त्यांचं शरीर तेव्हाही अपेक्षेपेक्षा रोज ५०० कॅलरी कमीच जाळत होतं. सहा वर्षांनी!

बायांचं अजून वेगळं. ऊर्जा पुरत नाही असं दिसलं की मेंदू पाळीचे हार्मोन बंद करत नेतो, दुष्काळात लेकरू नको म्हणून. पाळी लांबली की इस्ट्रोजेन कमी अन् हाडं ठिसूळ. केस तर दोन-तीन महिन्यांनी गळतात, म्हणजे बरोब्बर लग्नाच्या वेळी, अन् तोपर्यंत आपण शाम्पूला दोष देतो. पित्ताचे खडे पण होतात, आठवड्याला दीड किलोच्या वर वजन उतरवलं की जास्तच, कारण चरबी मोडून कोलेस्टेरॉल पित्तात जाते अन् जेवणात तेल-तूप नसल्यानं पित्ताशय आकसतच नाही, पित्त तिथंच साचून घट्ट होते.

अन् आपल्याकडच्या बाया मुळात भरल्या पोटानं डाएटला बसत नाहीत हो. सगळ्यांचं झाल्यावर खरवडून उरलेलं वरण अन् भाकर खाणारी बाई ती. देशात १५ ते ४९ वयाच्या ५७ टक्के बायांना रक्त कमी आहे, हे सरकारी पाहणीतलं, २०१९-२१ चं. त्यात आपल्या विदर्भात सिकलसेल, रक्ताच्या तांबड्या पेशी वाकड्या होण्याचा आजार. ज्यांना तो आजार आहे त्यांनी उपाशी, कमी पाण्यावर राहणं म्हणजे दुखणं ओढवून घेणं आहे, पाणी कमी झालं की त्या वाकड्या पेशी बारीक नसांत अडकतात अन् हाडं फुटल्यासारखी दुखतात. तपासणी सरकारी दवाखान्यात होते, डाएटच्या आधी एवढं तरी करा.

कोणी म्हणेल, ८०० कॅलरीवर शुगर गेली असं ऐकलंय. खरं आहे. ब्रिटनमध्ये २०१७ ला छापून आलेल्या अभ्यासात जवळपास निम्म्या लोकांची टाईप २ डायबेटीस वर्षभरात गोळ्यांशिवाय आटोक्यात आली. पण ते साधं उपाशी राहणं नव्हतं, व्हिटॅमिन-प्रोटीन मोजून घातलेली पावडर, गोळ्या पहिल्या दिवशीच बंद करून, सारखी तपासणी. आपल्याकडं शुगरची गोळी चालू ठेवून जेवण बंद करतात अन् रात्री शुगर ५० वर येऊन घाम फुटतो.

आपला उपवास वेगळा, एकादशीला साबुदाण्याची उसळ, शेंगदाणे, भगर खाऊन कॅलरी उलट वाढतातच, त्याची काळजी नको.

पुतणीला त्या दिवशी एकदम जेवायला बसवलं नाही. जास्त दिवस उपाशी राहिलेल्याला अचानक भरपूर भात-गोड दिलं की इन्सुलिन उसळते, रक्तातलं फॉस्फेट पेशींत ओढलं जाते, अन् हृदय, फुप्फुसं अडचणीत येतात. महायुद्धातून सुटलेल्या कैद्यांमध्ये हे दिसलं होतं. आठ दिवसांत एवढं क्वचितच होते, पण ती बसलेली पाहून मला धोका घ्यायचा नव्हता. दवाखान्यात नेलं, बीपी, रक्त पाहिलं, मग थोडी पेज, वरणाचं पाणी, दुसऱ्या दिवशी मऊ भात, मग भाकर.

तिसऱ्या दिवशी सकाळी ती काट्यावर उभी राहिली अन् रडायलाच लागली. ५६.८. "दोन दिवसात दोन किलो! पाहा काकू, म्हणूनच खात नव्हती मी." दोन दिवसात दोन किलो चरबी चढवायची तर रोजच्या खाण्याच्या वर १५००० कॅलरी खाव्या लागतील, म्हटलं, तू खाल्ला किती, चार मुठी भात. साठा भरला, त्याच्यासोबत पाणी परत आलं, बस. तिनं डोळे पुसले, वही उघडली, पेन घेतला अन् त्या आकड्यापुढं कंसात 'ओला' लिहिलं.