सीमाभागातला कॅन्सर कुणाच्या वहीत?

देशात २०२२ साली कॅन्सरचे सुमारे १४.६ लाख नवे रुग्ण असतील, असा अंदाज आयसीएमआरच्या, म्हणजे भारतीय वैद्यकीय संशोधन परिषदेच्या, राष्ट्रीय कॅन्सर नोंदणी कार्यक्रमाने मांडला होता. वर्तमानपत्रांत, विधिमंडळांत, आरोग्य शिबिरांच्या फलकांवर हाच आकडा फिरत असतो. पण तो घरोघरी मोजून आलेला नाही. काही ठरावीक भागांत नोंदणी केंद्रं असतात, तिथलं प्रमाण बघून उरलेल्या देशाचा हिशेब मांडला जातो. २०१२ ते २०१६ या काळाच्या अहवालात अशी २८ केंद्रं होती आणि त्यांत देशातली जेमतेम दहा टक्के लोकसंख्या येत होती. महाराष्ट्रातली मुंबई, पुणे, औरंगाबाद, नागपूर, वर्धा, बार्शी आणि उस्मानाबाद-बीड. कर्नाटकातलं एकच, बंगळूर. बेळगाव त्यात नाही. शेजारचे कोल्हापूर, सांगलीही नाहीत आणि गोवाही नाही. म्हणजे खानापूर, निपाणी, चिकोडीकडच्या माणसांचा कॅन्सर त्या राष्ट्रीय आकड्यात आहे, पण दुसऱ्यांच्या आजारावरून धरलेला.

ही पोकळी जुनी आहे. बेळगाव मुंबई इलाख्यात होतं तेव्हा गावातल्या मृत्यूची नोंद पाटील-कुलकर्णी ठेवत. पटकी, देवी, प्लेग, ताप, हगवण, इजा असे ठरलेले रकाने असत आणि शेवटी 'इतर कारणे'. सरकारला धास्ती साथींची होती. देवीची लस बनवणारी संस्था बेळगावातच उभी राहिली, टिळकवाडीतला व्हॅक्सिन डेपो अजून तेच नाव सांगतो. जो रोग एकाचा दुसऱ्याला लागत नाही, त्याला वेगळा रकाना द्यावा असं कुणाला वाटलं नाही. गालाच्या आत बरी न होणारी जखम घेऊन महिनोन्‌महिने झिजलेला माणूस 'तापा'त नाहीतर 'इतर'मध्ये जमा व्हायचा. त्यावरूनच हिंदुस्थानात कॅन्सर फारसा नाही, असा समज डॉक्टरांमध्ये रुजला. १९३० च्या दशकात विश्वनाथ आणि खेमसिंग ग्रेवाल यांनी इस्पितळांतल्या नोंदी तपासून तो खोडला. कॅन्सर उतारवयाकडे गाठतो, आणि इथली माणसं त्या वयापर्यंत पोचतच नव्हती.

नीट मोजणी सुरू झाली ती मुंबईत. डॉ. डी. जे. जस्सावाला यांच्या पुढाकाराने इंडियन कॅन्सर सोसायटीने १९६३ मध्ये देशातली पहिली लोकसंख्येवर आधारित, म्हणजे एका ठरलेल्या भागातल्या सगळ्या रुग्णांची, कॅन्सर नोंदणी सुरू केली. बेळगाव तोवर, १९५६ च्या राज्य पुनर्रचनेत, म्हैसूर राज्यात गेलं होतं. राष्ट्रीय कार्यक्रम डिसेंबर १९८१ मध्ये आला आणि १ जानेवारी १९८२ पासून मुंबई, बंगळूर, मद्रास इथे नोंदी घेणं सुरू झालं. त्याच १९८१ च्या मार्च-एप्रिलमध्ये निपाणीचे तंबाखू उत्पादक शेतकरी भावासाठी हमरस्त्यावर बसले होते, आणि गोळीबारात त्यांच्यातल्या काहींचे जीव गेले. निपाणीच्या तंबाखूचं उत्पादन, दर, बिडीचा धंदा यांचा हिशेब व्यापारी आणि सरकार दोघांकडेही चोख असायचा. त्या तंबाखूने पुढे किती तोंडं, किती घसे नासवले, याची वही मात्र त्या मुलखासाठी कुणी उघडली नाही. देशपातळीवरचं उत्तर २०१२ साली आलं. मृतांच्या घरी जाऊन नातेवाइकांकडून लक्षणं विचारून घेतलेल्या मोठ्या अभ्यासातून, २०१० मध्ये भारतात कॅन्सरने सुमारे ५ लाख ५६ हजार मृत्यू झाले असा अंदाज निघाला. ३० ते ६९ वयाच्या पुरुषांच्या कॅन्सर मृत्यूंपैकी ४२ टक्के मृत्यू तंबाखूशी निगडित कॅन्सरांचे होते.

ग्रामीण भागात मोजणी होऊच शकत नाही, ही सबब बार्शीने १९८७ मध्येच निकालात काढली. बार्शी, परांडा आणि भूम तालुक्यांतली ३४६ गावं घेऊन देशातली पहिली ग्रामीण नोंदणी तिथे सुरू झाली. रुग्ण दवाखान्यात येईल आणि मग नोंद होईल, अशी वाट बघणं खेड्यात चालणार नव्हतं. म्हणून नोंदणीचे कर्मचारी गावोगाव फिरले. सरपंच, शिक्षक, गावातली जाणती माणसं यांच्याशी बसून बोलले. कुणाला गाठ आहे, कुणाच्या तोंडातली जखम बरी होत नाही, कुठल्या बाईला अंगावरून अवेळी रक्त जातं, हे विचारत गेले आणि अशांना तपासणीसाठी इस्पितळात घेऊन आले. मोजायला गेलेल्यांमुळे माणसं लवकर तपासली जाऊ लागली. माझ्या मते या सगळ्या इतिहासातलं सर्वांत मोलाचं काम हेच.

सीमाभागात मात्र बार्शीपेक्षा एक अडचण जास्त आहे. नोंदणीचा नियम असा, की रुग्ण जिथे राहतो तिथला धरायचा, उपचार घेतो तिथला नव्हे. समजा, निपाणीजवळच्या गावातल्या एका बाईला गर्भाशयमुखाचा कॅन्सर झाला. पहिला तुकडा बेळगावच्या लॅबमध्ये तपासला, शेक, म्हणजे किरणोपचार, मिरजेत घेतले, पुढे त्रास वाढल्यावर कुणी हुबळीला न्यायला सांगितलं, कुणी मुंबईच्या टाटाला. खानापूरकडचे लोक गोव्यात बांबोळीच्या सरकारी इस्पितळातही जातात. कर्नाटकातल्या कागदावर तिच्या नावाआधी आद्याक्षरं असतात, महाराष्ट्रातल्या कागदावर नवऱ्याचं नाव आणि आडनाव पूर्ण. गावाचं नाव एकीकडे कन्नड वळणाने, दुसरीकडे मराठी. एक बाई तीन फायलींत तीन जणी होते, नाहीतर कुणाच्याच जिल्ह्यात धरली जात नाही.

मृत्यूच्या नोंदीतही हीच गळती. १९६९ च्या जन्म-मृत्यू नोंदणी कायद्याप्रमाणे मृत्यू जिथे घडला तिथे नोंदवला जातो. डॉक्टरांनी 'आता घरी न्या' म्हटलं की माणसं रुग्णाला गावी आणतात, आणि ग्रामपंचायतीतल्या नोंदीला डॉक्टरचा कागद नसतोच. २०२० मध्ये देशातल्या नोंदवलेल्या मृत्यूंपैकी सुमारे २२ टक्क्यांनाच कारणाचं वैद्यकीय प्रमाणपत्र होतं. इस्पितळातल्या फॉर्म चारमध्ये, म्हणजे मृत्यूच्या कारणाच्या प्रमाणपत्रातही, नीट बघावं लागतं. वरच्या ओळीत तात्कालिक कारण, खाली त्यामागचं, सगळ्यांत खाली मूळ रोग. त्या बाईची वरची ओळ 'मूत्रपिंड निकामी', मधली 'मूत्रमार्ग दबला', खालची 'गर्भाशयमुखाचा कॅन्सर'. घाईत वरची एकच ओळ भरली तर आकडेवारीत ती मूत्रपिंडाच्या विकाराने गेली. ऑक्टोबर २०२३ पासून लागू झालेल्या दुरुस्तीनुसार या प्रमाणपत्राची प्रत नातेवाइकांना विनाशुल्क द्यावी लागते. ती मागून घ्यावी आणि खालची ओळ भरली आहे का ते बघावं.

२०२३ मध्येच महाराष्ट्राने महात्मा फुले जन आरोग्य योजना सीमाभागातल्या ८६५ गावांना लागू करायचं ठरवलं. कर्नाटकाने त्याला हरकत घेतली आणि सगळी चर्चा हक्काच्या वादात गेली. पण या योजनेच्या दाव्यात रुग्णाचं गाव, आजार आणि उपचार, तिन्ही लिहावे लागतात. कर्नाटकच्या योजनेतही तेच. मिरज-कोल्हापूरचे दावे आणि बेळगाव-हुबळीचे दावे एका टेबलावर ठेवून, दुबार नावं गाळून, गाववार लावले तरी निपाणी-खानापूरचा अंदाज निपाणी-खानापूरच्याच रुग्णांवरून काढता येईल. त्यासाठी सीमाप्रश्नाचा निकाल लागायची वाट बघावी लागत नाही.