डिस्क जाग्यावर आहेत, तरी दिसत का नाहीत? रेड कार्ड आणि त्याचा ड्रायव्हर

वागळे इस्टेट असो की महापे-रबाळे, दहा-पंधरा माणसांच्या कित्येक ऑफिसांत कोपऱ्यात एक जुना सर्व्हर अखंड चालू असतो. हिशेब, ड्रॉइंग, मेलचा साठा, सगळं त्यावर. एके दिवशी त्याची ऑपरेटिंग सिस्टिम बदलायचं ठरतं. पेन ड्राइव्हवरून इन्स्टॉलर सुरू होतो, भाषा विचारतो, वेळ विचारतो आणि डिस्क निवडायच्या पानावर अडतो: एकही डिस्क सापडली नाही. समोर चारही डिस्कचे हिरवे दिवे मात्र लागलेले असतात. डिस्क ठणठणीत आहेत. त्यांच्या आणि सिस्टिमच्या मध्ये जे रेड कार्ड बसलं आहे, त्याच्याशी बोलणारा ड्रायव्हर नव्या सिस्टिमकडे नाही.

रेड (आरएआयडी) म्हणजे अनेक डिस्क मिळून एक साठा. ही कल्पना या नावानिशी १९८८ मध्ये अमेरिकेतल्या बर्कली विद्यापीठाच्या डेव्हिड पॅटरसन, गार्थ गिब्सन आणि रँडी कॅट्झ यांनी मांडली. त्यातला रेड ५ हा प्रकार छोट्या ऑफिसांत फार दिसतो. तीन डिस्कवर १, ०, १ असे बिट लिहिले, तर चौथीवर असा बिट लिहायचा की एकांची एकूण संख्या सम व्हावी. इथे तो ०. आता दुसरी डिस्क गेली, तर उरतात १, १ आणि ०. एकांची संख्या आधीच सम आहे, म्हणजे हरवलेला बिट ० होता. हा पडताळणीचा बिट, म्हणजे पॅरिटी, आळीपाळीने सगळ्या डिस्कवर पसरलेला असतो. ४ टीबीच्या चार डिस्क लावल्या की वापरायला १२ टीबी मिळतात आणि कुठलीही एक डिस्क गेली तरी काम चालू राहतं.

हार्डवेअर रेडमध्ये हे गणित सर्व्हरचा मुख्य प्रोसेसर करत नाही. कार्डावर स्वतःचा प्रोसेसर, स्वतःची मेमरी आणि स्वतःचं फर्मवेअर, म्हणजे आतच भरलेला प्रोग्रॅम, असतं. ऑपरेटिंग सिस्टिमला चार डिस्क दिसतच नाहीत, १२ टीबीची एकच डिस्क दिसते. ड्रायव्हरचं काम निरोप्याचं: सिस्टिमची वाचा-लिहायची मागणी कार्डाला कळेल अशा रूपात त्याच्या रांगेत लावायची आणि कार्डाने काम झाल्याची खूण केली की उत्तर सिस्टिमला पोचवायचं. पुढची बरीच दुखणी डिस्क आणि सिस्टिम यांच्यातल्या या पडद्यामुळेच उद्भवतात.

ड्रायव्हर कार्डाला ओळखतो तो डब्यावरच्या नावावरून नव्हे, पीसीआय क्रमांकावरून. पहिले चार अंक चिप बनवणाऱ्याचे, पुढचे चार चिपचे. ड्रायव्हरच्या आत अशा क्रमांकांची यादी असते. यादीत क्रमांक नसेल तर तो त्या कार्डाला हातही लावत नाही. डेलच्या पर्क ६/आय कार्डाचा क्रमांक १०००:००६०. तो मेगारेड या घराण्यातल्या कार्डांच्या ‘मेगारेड सॅस’ ड्रायव्हरच्या यादीत वर्षानुवर्षं होता. २०१९ मध्ये आलेल्या, रेड हॅट कंपनीच्या एंटरप्राइज लिनक्स ८ मध्ये तो आणि आणखी काही जुने क्रमांक वगळले गेले. ड्रायव्हर तोच, नाव तेच, पण त्याच घराण्यातलं नवं कार्ड चालतं आणि जुनं चालत नाही. रेड हॅटशी सुसंगत असलेल्या अल्मालिनक्सने मे २०२४ च्या ९.४ आवृत्तीत अशा बऱ्याच जुन्या कार्डांचा आधार परत आणला.

म्हणून इन्स्टॉलरला हात लावण्याआधी क्रमांक वहीत लिहून घ्यावा. लिनक्समध्ये एलएसपीसीआय ही कमांड एन, एन, के या पर्यायांसह चालवली की कार्डाचं नाव, चौकटी कंसात क्रमांक आणि त्याखाली वापरात असलेला ड्रायव्हर दिसतो. ड्रायव्हरची ओळच नसेल तर घोळ कुठे आहे ते लगेच कळतं. विंडोजमध्ये डिव्हाइस मॅनेजरमध्ये कार्डाच्या डिटेल्स टॅबवर हार्डवेअर आयडी निवडला की तोच क्रमांक मिळतो.

विंडोज इन्स्टॉल करताना ‘लोड ड्रायव्हर’ हे बटण वापरायचं. पेन ड्राइव्हवर आयएनएफ, एसवायएस आणि कॅट या तिन्ही फाइल सुट्या हव्यात. डाउनलोड केलेली झिप किंवा ईएक्सई तशीच कॉपी केली, तर इन्स्टॉलरला त्यात काहीच सापडत नाही. ही चूक सर्रास होते. रेड हॅटच्या घराण्यातल्या लिनक्ससाठी ड्रायव्हर डिस्कची इमेज मिळते. ती ओईएमडीआरव्ही असं लेबल असलेल्या पेन ड्राइव्हवर उतरवली, तर इन्स्टॉलर ती स्वतः शोधतो. मात्र ती इमेज नेमक्या त्याच आवृत्तीच्या कर्नलसाठी, म्हणजे सिस्टिमच्या गाभ्यासाठी, बनवलेली असली पाहिजे. सिक्युअर बूट, म्हणजे सही तपासूनच सॉफ्टवेअर सुरू होऊ देणारी सोय, चालू असेल, तर ओळखीची डिजिटल सही नसलेला ड्रायव्हर कर्नल आत घेत नाही.

इन्स्टॉल झालं, तरी पहिल्या रीबूटमध्ये आणखी एक सापळा असतो. ड्रायव्हरची फाइल ज्या डिस्कवर आहे, ती डिस्क वाचायलाच ड्रायव्हर लागतो. कपाटाची किल्ली कपाटात ठेवून कुलूप लावल्यासारखं हे. यावर लिनक्सचा उपाय म्हणजे इनिटरामएफएस: कर्नलबरोबर मेमरीत चढणारी छोटी शिदोरी, ज्यात गरजेचे ड्रायव्हर असतात. रेड हॅटच्या पद्धतीत ही शिदोरी त्याच मशीनच्या हार्डवेअरपुरती बांधलेली असते. त्यामुळे कार्ड बदलताना नव्या कार्डाचा ड्रायव्हर आधी ड्रॅकट या शिदोरी बांधणाऱ्या साधनाच्या सेटिंगमध्ये घालून शिदोरी पुन्हा बांधावी, मगच मशीन बंद करावं. हे राहिलं तर लिनक्स आणीबाणीच्या शेलमध्ये अडकतं. विंडोजमध्ये तीच चूक ०एक्स७बी हा चुकीचा क्रमांक दाखवणाऱ्या निळ्या स्क्रीनच्या रूपात दिसते. बाहेरून घातलेला ड्रायव्हर असेल, तर कर्नलच्या प्रत्येक अपडेटनंतर हे तपासावं आणि जुना कर्नल बूट मेनूतून काढू नये.

फ्रीबीएसडी या लिनक्ससारख्याच दुसऱ्या सिस्टिममध्ये मेगारेडच्या काही कार्डांना एमएफआय आणि एमआरसॅस असे दोन ड्रायव्हर चालतात. पहिल्यात डिस्कचं नाव एमएफआयडी० असतं, दुसऱ्यात डीए०. ड्रायव्हर बदलला की जुन्या नावाने लिहिलेली एफएसटॅब ही डिस्क जोडण्याची यादी निकामी होते, म्हणून तिथे आधीपासून लेबल वापरावं.

एवढं जमलं की सर्व्हर चालू होतो. काही महिन्यांनी तक्रार येते: सर्व्हर फार हळू झाला. लोक ड्रायव्हर बदलून बघतात आणि दोष बहुतेक वेळा बॅटरीत निघतो. रेड ५ मध्ये छोटासा बदल लिहायचा, तरी जुना डेटा वाचा, जुनी पॅरिटी वाचा, नवा डेटा लिहा, नवी पॅरिटी लिहा, अशा चार हालचाली होतात. हा भार लपवायला कार्ड डेटा आधी स्वतःच्या मेमरीत घेतं, ‘लिहिलं’ म्हणून कळवतं आणि डिस्कवर नंतर उतरवतं. याला राइट-बॅक म्हणतात. पावसाळ्यात महावितरणची लाइन गेली आणि यूपीएसनेही दगा दिला, तर मेमरीतला तो डेटा कार्डावरची बॅटरी सांभाळते. ती अशक्त झाली की कार्ड सुरक्षिततेसाठी आपण होऊन राइट-थ्रूवर येतं, म्हणजे डिस्कवर उतरल्याशिवाय ‘लिहिलं’ म्हणत नाही. हे वागणं योग्यच आहे. ‘बॅटरी नसली तरी राइट-बॅक’ हा पर्याय सक्तीने चालू करणं माझ्या मते आपल्या हवेत निव्वळ जुगार आहे. लिथियम बॅटरी उष्णतेने लवकर मरते. शनिवार-रविवार एसी बंद ठेवून सर्व्हरची खोली तापू दिली, की तिचं आयुष्य घटतं. नवीन कार्डांत बॅटरीऐवजी सुपरकपॅसिटर असतो. वीज गेल्यावर तो मेमरीतला डेटा वीज नसतानाही टिकणाऱ्या फ्लॅश मेमरीत उतरेपर्यंत ऊर्जा पुरवतो.

आता डिस्क लपवणाऱ्या त्या पडद्याकडे. चारपैकी एक डिस्क मेली तरी सिस्टिमला १२ टीबीची डिस्क पूर्वीसारखीच दिसते. डेटा येतोय, ड्रायव्हरची तक्रार नाही, सगळं सुरळीत वाटतं. कार्डाचा भोंगा वाजतो, पण तो त्रासदायक वाटून कोणीतरी बंद करून टाकतो. मग दुसरी डिस्क जाते आणि साठा संपतो. म्हणून ड्रायव्हरसोबत कार्डाचं देखरेखीचं साधनही घालावंच, मेगारेडसाठी स्टोरसीएलआय. त्यातून रोज डिस्कची आणि बॅटरीची स्थिती काढून मेलवर पाठवावी. डिस्कची तब्येत तपासणारं स्मार्टसीटीएल वापरायचं तर त्याला मेगारेड हा प्रकार आणि डिस्कचा क्रमांक सांगावा लागतो, नाहीतर कार्डामागची डिस्क त्याला दिसत नाही.

डिस्क बदलताना आधी स्टोरसीएलआयने त्या खणाचा दिवा लुकलुकवावा. चुकून चांगली डिस्क ओढली, तर आधीच लंगडा झालेला साठा जागेवर कोसळतो. नवी डिस्क सर्व्हरसाठीची घ्यावी. साधी डेस्कटॉप डिस्क खराब जागा वाचण्याचा प्रयत्न बराच वेळ करत राहते आणि कार्ड तिला मेलेली समजून बाहेर काढतं. सर्व्हरची डिस्क साधारण ७ सेकंदांत प्रयत्न सोडून चूक कळवते. डिस्क दुसऱ्या सर्व्हरमध्ये लावल्यावर ‘फॉरेन कॉन्फिगरेशन’ असं दिसलं तर इम्पोर्ट निवडायचं. क्लिअर केलं की रचनेची नोंद पुसली जाते आणि इनिशियलाइज केलं तर डेटाच जातो.

४ टीबीची डिस्क सेकंदाला १०० एमबी वेगाने पुन्हा भरायला ४०,००० सेकंद, म्हणजे ११ तासांहून जास्त लागतात, तेही सर्व्हरवर दुसरं काम नसेल तर. शुक्रवारी संध्याकाळी ऑफिस रिकामं झालं की हे काम लावावं, खोलीचा एसी चालू ठेवावा आणि ते संपेपर्यंत ड्रायव्हर किंवा फर्मवेअरच्या अपडेटला हात लावू नये.