अनिश्चित सर्वनामे व संकेतार्थ (इंग्रजी)

‘समवन’, ‘एनीवन’, ‘नो वन’, ‘समथिंग’, ‘एनीथिंग’ यांसारखी सर्वनामे अट सांगणाऱ्या उपवाक्यात आली असता त्यांची निवड आणि त्या उपवाक्यातील क्रियारूप मिळून अटीचा अर्थ ठरवतात. सर्वनामावरून बोलणाऱ्याची अपेक्षा कळते, तर क्रियारूपावरून ती अट त्याला शक्य कोटीतली वाटते की केवळ कल्पनेतली, हे कळते. मराठी व्याकरणात या सर्वनामांना ‘सामान्य’ किंवा ‘अनिश्चित’ सर्वनामे म्हणतात आणि क्रियापदाच्या अशा अर्थाला ‘संकेतार्थ’ म्हणतात. बेळगाव, खानापूर, निपाणी, चिकोडी या सीमाभागात मराठी आणि कन्नड रोज कानावर पडतात व इंग्रजी शाळेत शिकावी लागते. तिन्ही भाषा अट तीन निरनिराळ्या प्रकारे बांधत असल्यामुळे हा विषय तेथे विशेष लक्ष देण्याजोगा ठरतो.

नकारार्थी वाक्यात ‘एनी’ आणि होकारार्थी वाक्यात ‘सम’ हा शालेय नियम ‘इफ’च्या उपवाक्यात अपुरा पडतो, कारण तेथे दोन्ही चालतात. भाषाशास्त्रज्ञ एडवर्ड क्लायमा यांनी 1964 मध्ये नकार, प्रश्न आणि अट यांना एका गटात घालून ‘एनी’ या सर्व ठिकाणी का येते याची एकत्र मांडणी केली. भाषाशास्त्रज्ञ रॉबिन लेकॉफ यांनी 1969 मध्ये त्यावर आक्षेप घेतला. केवळ वाक्यरचनेवरून ही निवड सांगता येणार नाही, बोलणाऱ्याला काय हवे आहे हेही पाहावे लागते, असे त्यांचे प्रतिपादन होते. ‘इफ यू ईट एनी मँगोज’ हे शब्द ऐकताच पुढे धमकी येणार असे वाटते, तर ‘इफ यू ईट सम राइस’ या शब्दांनंतर आमिष येणार असे वाटते. भाषाशास्त्रज्ञ विल्यम लॅड्युसॉ यांनी 1979 च्या प्रबंधात तर्कशास्त्राचा आधार घेतला. ‘कोणी गाडी आत आणली तर दंड होईल’ या वाक्यातून ‘कोणी लाल गाडी आत आणली तर दंड होईल’ हे आपोआप निघते. ज्या जागी व्यापक विधानातून असे मर्यादित विधान काढता येते, त्या जागी ‘एनी’ बसते, असा त्यांचा सिद्धांत आहे. तो नेटका असला तरी सर्व अटींना लागू होत नाही. अटीत आणखी एक तपशील घातला की निष्कर्ष उलटू शकतो, हे तत्त्वज्ञ डेव्हिड लुईस यांनी 1973 मध्ये वास्तवाविरुद्धच्या अटींच्या विवेचनात दाखवले होते. प्रत्यक्ष भाषा शिकणाऱ्याला लेकॉफ यांचे अपेक्षेवर आधारलेले स्पष्टीकरणच अधिक उपयोगी पडते, असे प्रस्तुत नोंदकाराचे मत आहे. भाषाशास्त्रज्ञ मार्टिन हास्पेलमाथ यांनी 1997 मध्ये चाळीस भाषांच्या आधारे अशा सर्वनामांच्या नऊ कार्यांचा, म्हणजे प्रश्न, अट, नकार अशा वापराच्या जागांचा, नकाशा मांडला. त्यात इंग्रजीतील ‘सम’ आणि ‘एनी’ यांची क्षेत्रे प्रश्न आणि अट या दोनच ठिकाणी एकमेकांवर येतात. त्या चाळीस भाषांत कन्नड आहे, मराठी नाही.

क्रियारूपाच्या बाबतीत सीमाभागातील विद्यार्थ्याची अडचण निराळी आहे. बेळगावच्या खडेबाजारातला दुकानदार बाहेर पडताना पोऱ्याला सांगतो, ‘कोण आलं तर बसवून घे, मी आलोच.’ यातले ‘आलं’ हे रूप भूतकाळाचे असले तरी अट पुढच्या दहा मिनिटांची आहे आणि कोणीतरी येईल अशी त्याची खरी अपेक्षा आहे. कन्नडमधील ‘यारादरू बंदरे’ (कोणी आलं तर) यातले ‘बंदरे’ हे रूपही भूतकाळाच्या अंगापासूनच बनते. या दोन भाषांत वाढलेला मुलगा इंग्रजीत ‘इफ एनीबडी केम’ असे लिहितो, आणि ते वाक्य व्याकरणाने बरोबरही असते. मात्र इंग्रजी वाचकाला त्यातून ‘येईल असे काही वाटत नाही, पण समजा आलाच’ असा दुरावा जाणवतो. दुकानदाराच्या मनातली अट इंग्रजीत ‘इफ एनीबडी कम्स’ अशी वर्तमानकाळात येते. शुद्धलेखनाच्या चुकीसारखी ही चूक डोळ्यांना दिसत नाही, म्हणून ती तपासणाऱ्याच्या नजरेतून सुटते आणि वर्षानुवर्षे टिकते. घडून न गेलेल्या गोष्टीपुरत्या तिन्ही भाषा जवळ येतात : ‘कोणी विचारलं असतं तर’ याला ‘इफ एनीवन हॅड आस्क्ड’ हे रूप नीट जुळते. ‘इफ’ गाळून साहाय्यक क्रियापद पुढे आणण्याची ‘शुड एनीवन कॉल’, ‘हॅड एनीवन आस्क्ड’ ही रचना बहुतांशी लेखी व औपचारिक भाषेत आढळते. 1611 च्या बायबल भाषांतरातील ‘इफ एनी मॅन हॅव इअर्स टु हिअर’ येथे ‘हॅज’ऐवजी आलेले ‘हॅव’ हे जुन्या संकेतार्थी रूपाचे उदाहरण होय.

दुकानदाराच्या वाक्यात ‘कोणी’ नसून ‘कोण’ आहे, याकडेही लक्ष द्यायला हवे. दक्षिण महाराष्ट्रात आणि बेळगाव भागात ‘घरात कोण नाही’, ‘काय झालं तर कळव’ असे प्रश्नार्थक सर्वनामच अनिश्चित अर्थाने वापरतात, आणि तेही प्रामुख्याने नकार व अट या जागी, म्हणजे इंग्रजीत जेथे ‘एनी’ येते तेथे. ही बोलीतली ढिलाई मानली जाते, परंतु संस्कृतातील ‘कश्चित्’, ‘कोऽपि’ ही रूपेही प्रश्नार्थक सर्वनामाला अव्यय जोडूनच झाली आहेत. कन्नडमध्ये ‘यारु’ म्हणजे कोण. त्यापासून ‘यारो’ (कोणीतरी), नकारासोबत येणारे ‘यारू’ आणि अटीत येणारे ‘यारादरू’ अशी रूपे होतात. यांतील ‘यारादरू’ची घडण विशेष उद्बोधक आहे. ‘आगु’ म्हणजे होणे, ‘आदरे’ म्हणजे झाले तर, आणि त्याला ‘ऊ’ जोडून ‘आदरू’ म्हणजे झाले तरी. तेव्हा ‘यारादरू’ याचा अक्षरार्थ ‘कोण झाले तरी’ असा होतो. अटीचे क्रियापद येथे सर्वनामाच्या पोटातच शिरले आहे. उत्तर कर्नाटकाच्या बोलीत ते झिजून ‘यारर’ झाले असून ‘एनादरू’चे (काहीतरी) ‘एनर’ झाले आहे, आणि बोलणाऱ्याला त्यातली अट आता जाणवतही नाही. मराठीतील ‘कोणी का असेना’ ही रचना याच वाटेवरची असली तरी तिचे शब्द अद्याप सुटे राहिले आहेत.

अटीच्या शब्दात क्रियापद दडले आहे असा तर्क ‘इफ’च्या व्युत्पत्तीविषयीही एकेकाळी लढवला गेला. जुन्या इंग्रजीतील ‘गिफ’ हे ‘गिव्ह’ या क्रियापदाचे आज्ञार्थी रूप असून ‘असे दे, म्हणजे मान’ असा त्याचा मूळ अर्थ असावा, असे इंग्रज लेखक जॉन हॉर्न टूक यांनी 1786 मध्ये मांडले. जर्मनसारख्या भगिनीभाषांतील रूपे त्याच्याशी जुळत नसल्यामुळे हे मत आता कोणी स्वीकारत नाही. ‘शंका’ या अर्थाच्या जुन्या जर्मानिक (इंग्रजी-जर्मन भाषाकुळातील) नामाशी ‘इफ’चा संबंध असावा, हे मत अधिक संभाव्य वाटते. ‘एनी’ मात्र ‘एक’ या अर्थाच्या जुन्या शब्दापासून निघाला, याविषयी वाद नाही. मराठीतील ‘तर’ सामान्यतः ‘तर्हि’ या संस्कृत अव्ययापासून आल्याचे मानतात.

नकारासह अट आली की इंग्रजी रचना मराठीपेक्षा नेमकी होते. ‘कोणी हरकत घेतली नाही तर’ याचा अर्थ सहसा ‘इफ नो वन ऑब्जेक्ट्स’ असा होतो, तरी ‘त्यांपैकी एखाद्याने घेतली नाही तर’ असाही तो लावता येतो. इंग्रजीत या दुसऱ्या अर्थासाठी ‘इफ समवन डझ नॉट ऑब्जेक्ट’ अशी वेगळी रचना करावी लागते. कचेरीच्या सूचनेत ‘कोणाची हरकत असल्यास’, कन्नडमध्ये ‘यारदादरू आक्षेपणे इद्दल्लि’ आणि इंग्रजीत ‘इफ एनीवन हॅज एनी ऑब्जेक्शन’ असे म्हणतात. अशा मराठी मजकुरात हल्ली ‘कोणाचीही हरकत असल्यास’ असे लिहिण्याकडे कल दिसतो. येथे ‘ही’ अनावश्यक आहे. ‘एनीवन’साठी दरवेळी ‘कोणीही’ घालण्याच्या सवयीतून ते आले असावे. मराठीत ‘कोणीही’ची स्वाभाविक जागा ‘तरी’च्या सोबत आहे : ‘कोणीही आलं तरी दार उघडू नकोस.’ इंग्रजीत या ठिकाणी ‘एनीवन’ जाऊन ‘हूएव्हर’ येते. ‘एनीवन वुड हॅव डन द सेम’ या वाक्यात अट उच्चारलेलीच नसते. मराठीत ती ‘त्या जागी कोणीही असता तरी त्याने तेच केले असते’ अशी पूर्ण मांडावी लागते.

येणारी व्यक्ती स्त्री की पुरुष हे ठाऊक नसताना इंग्रजीत ‘इफ एनीवन कॉल्स, टेल देम’ असे अनेकवचन वापरतात. हा प्रयोग चौदाव्या शतकापासून आढळतो, तरी अठराव्या शतकापासून व्याकरणकारांनी पुल्लिंगी ‘ही’चा आग्रह धरला आणि 1850 च्या ब्रिटिश कायद्याने पुल्लिंगी शब्दांत स्त्रियांचा समावेश धरावा असे ठरवले. भारतात 1897 च्या सामान्य वाक्खंड अधिनियमाच्या तेराव्या कलमात तशीच तरतूद आहे. मराठी येथे नपुंसकलिंगाचा आधार घेते : ‘कोणी आलं तर’. कन्नडमधील ‘बंदरे’ या रूपाला लिंगच नाही, आणि पूर्ण वाक्यात ‘यारु’ सोबत ‘बंदरु’ असे अनेकवचनी क्रियापद येते, जे इंग्रजीतील ‘देम’च्या बरेच जवळचे आहे.